जुनी मोटारसायकल ठेवायची तर पाना हातात घ्या, नाहीतर विकून टाका

निळा धूर

सरळ मुद्द्यावर येतो. वीस-तीस वर्षं जुनी गाडी बाळगणाऱ्याला निदान काय बिघडलंय ते ओळखता आलंच पाहिजे, असं माझं मत झालंय. पार्ट बदलायला मेकॅनिक असू दे. पण दुखणं कुठे आहे हेही ज्याला कळत नाही, त्याने आरएक्स १००, येझदी, कास्ट आयर्न बुलेट यांच्या वाटेला जाऊ नये. सरळ विकावी आणि इंजेक्शनवाली नवी घ्यावी.

माझी आरएक्स १९९३ची. इंजिन गरम झालं की आयडलिंग आपोआप वाढायचं, अॅक्सिलरेटर सोडला तरी आवाज खाली यायला वेळ लागायचा, प्लग काढला तर पांढराफटक. गॅरेजवाल्याने आधी कार्बुरेटर साफ केला. मग मेन जेट, म्हणजे कार्बुरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक, मोठा टाकला. मग एका चढावर इंजिन जॅम झालं, तेव्हा सिलेंडर लेथवर गेला आणि नवा पिस्टन-रिंग सेट पडला. थोडे दिवस बरे गेले, पुन्हा तेच रडगाणं. दुसऱ्या गॅरेजने कार्बुरेटरच नवा बसवला. जुना मिकुनी परत मागितला तर म्हणे भंगारात गेला. मूळचा मिकुनी भंगारात जात नसतो, तो कुठे जातो ते इथल्या सगळ्यांना माहीत आहे.

शेवटी सर्व्हिस मॅन्युअल मिळवलं आणि बसून वाचलं. आरएक्ससारख्या टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीत येतं आणि पिस्टन खाली येताना ते तिथून वर ढकललं जातं. म्हणजे क्रँककेस हवाबंद असायलाच हवी. मॅग्नेटच्या (वीज तयार करणाऱ्या चाकाच्या) बाजूचं ऑइल सील म्हातारं होऊन कडक झालं की तिथून जादा हवा आत ओढली जाते. पेट्रोलचं प्रमाण घटतं, इंजिन तापतं, आयडलिंग चढतं, प्लग पांढरा पडतो आणि शेवटी पिस्टन धरतो. माझ्या गाडीची सगळी लक्षणं ओळीने लिहिलेली! पुलर लावून मॅग्नेट काढला, मागची कॉइल प्लेट सोडवली, सील बाहेरूनच निघालं. किंमत अगदीच किरकोळ.

आता नुकसान काय झालं ते बघा. आरएक्सचा मूळ बोअर, म्हणजे सिलेंडरचा आतला व्यास, ५० मिमी. ओव्हरसाइज पिस्टन पाव-पाव मिमीने वाढत १ मिमीपर्यंत जातात. म्हणजे सिलेंडरला चार संधी, त्यानंतर आतली नळी, म्हणजे स्लीव्ह, नवी. त्यातली एक संधी या सीलपायी वाया गेली. पैसे गेल्याचं एवढं वाटत नाही, लोखंड परत येत नाही.

शटरआडचा

माझ्या वडिलांचं गॅरेज आहे, मीही तिथेच वाढलो. तेव्हा माझं ऐकून घ्या, मग काय शिव्या घालायच्या त्या घाला.

तुम्ही गाडी आणून लावलीत तेव्हा काय म्हणालात? "जरा ट्यूनिंग करून ठेवा, संध्याकाळी न्यायला येतो." सगळे हेच म्हणतात. सील गळतंय की नाही हे नीट बघायचं तर सायलेन्सर काढा, कार्बुरेटर काढा, दोन्ही तोंडं बंद करा, आत पाच-सहा पीएसआय दाबाने हवा भरा आणि काटा उतरतो का ते बघत बसा. यात मेकॅनिकचा अर्धा दिवस जातो आणि शेवटी कदाचित कळतं की सील चांगलं आहे. याचे पैसे कोण देतं? "काहीच बदललं नाही, मग पैसे कसले?" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय. कार्बुरेटर साफ करायचे दोनशे-तीनशे गिऱ्हाईक बिनतक्रार देतं, कारण हाताला काळं लागलेलं त्याला दिसतं. डोकं चालवल्याचे पैसे आपल्याकडे डॉक्टरला आणि वकिलाला मिळतात, मिस्त्रीला नाही.

दुसरं, जुनी गाडी म्हणजे नुसता मनस्ताप. सायलेन्सरचा स्टड गंजलेला, पाना लावला की तुटतो. तुटला की "तुम्हीच तोडलात". आधीच्या तीन मिस्त्र्यांनी छिन्नी मारून गोल केलेले स्क्रू आमच्या नावावर जमा होतात. तेवढ्या वेळात स्प्लेंडरच्या तीन सर्व्हिसिंग होतात. वडील आता येझदी दिसली की शटर अर्धं ओढून घेतात, खोटं नाही सांगत.

आणि शिकलेले मालक! व्हिडिओ बघून इंजिन खोलतात आणि रविवारी रात्री पोत्यात भरून आणतात. वर दोन वायसर उरलेत म्हणून सांगतात.

मिकुनी ढापणं मात्र चोरीच आहे. तिथे मी कुणाची बाजू घेत नाही.

बुलेटराव

पोत्यात इंजिन! हसून हसून मेलो, कारण आमच्याकडे एकाने खरंच तसं केलंय.

पण निळा धूर यांच्याशी सहमत. जुनी बुलेट तर शिकल्याशिवाय चालतच नाही. पॉइंटचा (प्लगची ठिणगी ठरवणाऱ्या स्विचचा) गॅप ०.३५ ते ०.४० मिमी, फीलर गेजची पातळ पट्टी लावून बघायला दहा मिनिटं लागतात. टॅपेटला, म्हणजे व्हॉल्व्हच्या फटीला, तर गेजही नको. इंजिन थंड असताना पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली खेळता कामा नये. बस्स. एवढं येत नसेल तर दर महिन्याला "मिसिंग मारतेय" म्हणून गॅरेजच्या दारात उभं राहायचं आणि दर वेळी नवा कंडेन्सर घ्यायचा. नवा कंडेन्सरही आजकाल डब्यातूनच मेलेला निघतो, ती वेगळी गोष्ट.

कलमबहाद्दर

सगळ्यांनी मिस्त्री व्हायचं, हा कसला उपाय? दात दुखला म्हणून कुणी स्वतः चिमटा घेऊन बसत नाही. पैसे देऊन सेवा घेतली असेल तर ती नीट मिळणं हा हक्क आहे. काम सुरू होण्याआधी लेखी अंदाजपत्रक मागा, बदललेले पार्ट परत मागा, बिल घ्या. नाही दिलं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्कही नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल काढलं, त्यात वाहनंही आहेत.

येझदीवाली

कलमबहाद्दर, त्या पोर्टलवर कंपन्यांनी माहिती द्यायची आहे. माझी येझदी बनवणारी म्हैसूरची आयडियल जावा १९९६मध्येच बंद पडली. नव्या येझद्या २०२२पासून आल्यात, पण त्यांचा एक बोल्टसुद्धा माझ्या गाडीच्या उपयोगाचा नाही. तक्रार कुणाकडे करू?

मी रत्नागिरीजवळ राहते. इथे ज्यांना येझदी कळायची ते मिस्त्री थकले, त्यांची मुलं मुंबईला. उरलेल्यांपैकी एकाला किक आणि गिअरचा दांडा एकच असतो हेच माहीत नव्हतं, तो किक शोधत होता. शिवाय गाडी माझी, चालवते मी, पण बोलणार माझ्या भावाशी. "ताईंना सांगा पेट्रोलमध्ये ऑइल टाकायला." अहो, ऑइल मीच मोजून टाकते! भावाला टाकीचं झाकण कुठल्या बाजूला उघडतं तेही ठाऊक नाही.

म्हणून शिकले. हौस वगैरे काही नव्हती, दुसरा इलाजच नव्हता. ज्यांच्या गल्लीत चांगला मिस्त्री आहे त्यांनी त्याचे पाय धरावेत आणि पैसे वेळेवर द्यावेत, असं माझं मत. विकून टाका म्हणणं सोपं आहे. नाही जमलं म्हणून विकली तर घेणारा तिला पुण्यात कॅफेच्या भिंतीला टांगेल.

तिसरा मजला

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी हे सगळं कुठे करायचं तेही सांगा. पार्किंगमध्ये चेन काढून रॉकेलच्या डब्यात ठेवली तर सेक्रेटरीची नोटीस आली, "ज्वलनशील पदार्थ." खालच्या काकूंनी स्वतंत्र तक्रार दिली ती वेगळीच.

शटरआडचा

येझदीवाली ताई, तुमचं म्हणणं मान्य.

शिकणाऱ्यांना काही गोष्टी सांगतो, म्हणजे नंतर आमच्याकडे कमी पोती येतील. जपानी गाड्यांचे कव्हरचे स्टार स्क्रू साध्या फिलिप्सचे नसतात, जेआयएस नावाच्या जपानी मापाचे असतात. साधा स्क्रू ड्रायव्हर खाचेतून वर सरकतो आणि डोकं गोल होतं. जेआयएसचा ड्रायव्हर घ्या, किंवा हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर. प्लग बसवताना आधी हाताने फिरवा, पाना शेवटी. अॅल्युमिनियमच्या हेडचे आटे एकदा गेले की लेथवाल्याकडे जाऊन आत नवे आटे बसवावे लागतात. आणि ड्रमब्रेक उघडल्यावर आतली धूळ फुंकू नका, जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं.

ब्रेक आणि चाकाचा एक्सल नवशिक्यांनी करूच नये. इंजिन बंद पडलं तर गाडी ढकलता येते.

निळा धूर

शटरआडचा, वेळेचे पैसे कुणी देत नाही हे पटलं. मग बोर्ड लावा ना, "तपासणी शुल्क अमुक, काम करा अथवा न करा." मी देईन. पण तपासलं नसेल तर "बोअर करावं लागेल" असं छातीठोक सांगू नका. "मला माहीत नाही, बघावं लागेल" असं म्हणणारा मिस्त्री मला आजवर भेटलेला नाही. माझी तक्रार तेवढीच आहे.

कलमबहाद्दर, हातावर रोख घेऊन कागदाचा कपटाही न देणाऱ्याविरुद्ध मी आयोगापुढे काय दाखवू? पांढरा प्लग?

कलमबहाद्दर

बिल मागितलं होतंत का?

बुलेटराव

बिल मागितलं की अठरा टक्के वर लावतात, मग आपणच म्हणतो राहू द्या. दोन्हीकडून चाललंय हे.

आणखी एक, आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल येतंय. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप, फ्लोटच्या सुईचं टोक हे सगळं त्या पेट्रोलसाठी बनलेलंच नाही. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बुरेटरचा ड्रेन स्क्रू उघडून रिकामा करा. यासाठी तरी मेकॅनिक लागू नये.

शटरआडचा

बोर्डाचं वडिलांना सांगितलं. म्हणाले, समोरचा बोर्ड लावत नाही तोवर आपण लावायचा नाही.

निळा धूर, एक विचारायचं राहिलं. सील बदललंत ते ठीक. पण आधी जेट मोठा टाकला होता ना? हवा गळायची थांबली, म्हणजे आता तो जेट पेट्रोल जास्त देणार. मूळ नंबरचा परत टाकलात का? नाहीतर पुढच्या महिन्यात काळा प्लग घेऊन याल.

निळा धूर

तो जेट मिकुनीबरोबरच गेला. नव्या कार्बुरेटरमध्ये जो आहे त्यावर नंबर बरोबर छापलाय, पण भोक तेवढंच आहे याची खात्री नाही. प्लग आत्ताच कॉफीपेक्षा जरा गडद येतोय. नाना पेठेत मूळ जेट मिळतो का बघायला शनिवारी जातोय, कुणाला ठरावीक दुकान माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.