पोलंडची काचघरं आणि कोळसा: सूट काढावी का?

हिरवी_मिरची: युरोपातल्या शेती-वनीकरणात अजून जो दगडी कोळसा जळतो, त्यात सर्वांत मोठा वाटा पोलंडचा. वनीकरण सोडून द्या, तिथे बहुतेक सगळं डिझेलवर चालतं. प्रश्न काचघरांचा आहे. २० मेगावॅटच्या आतले बॉयलर युरोपच्या पहिल्या कार्बन बाजारात (जिथे कार्बन सोडायचे परवाने विकत घ्यावे लागतात) येत नाहीत. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या दुसऱ्या बाजारातून शेतीचं इंधन वगळलंय. म्हणजे घरातल्या शेगडीच्या कोळशावर भार येणार, टोमॅटोच्या काचघराला माफी! ही सूट काढा.

बॉयलरवाला: असहमत. आधी एका रात्रीचा हिशोब बघा. एक हेक्टर काचघर, बाहेर उणे १०, आत १८ अंश. काचेचं क्षेत्र साधारण १२,५०० चौ.मी., दर चौ.मी. दर अंशाला ६ वॅट गळती. झाले २.१ मेगावॅट. किलोला २५ मेगाज्यूल उष्णता देणारा कोळसा ८० टक्के कार्यक्षमतेने जाळला तर तासाला ३८० किलो, म्हणजे बारा तासांत साडेचार टन. एवढी उष्णता काडाच्या गाठींतून काढायची तर पावणेआठ टन काड लागेल. ते ठेवणार कुठे? शिवाय काडातल्या पोटॅशमुळे राख लवकर वितळते, जाळीवर चिकट गोळे धरतात, आणि क्लोरीन नळ्या खातं ते वेगळंच.

हिरवी_मिरची: अडचणी काय फक्त काडाच्याच असतात? ओला बारीक कोळसा हॉपरमध्ये (बॉयलरला कोळसा पुरवणाऱ्या पेटीत) कमानीसारखा अडकतो, खालचा कोळसा ढकलणारा स्क्रू रिकामा फिरतो आणि आग मागे सरकते. काचघरातून बॉयलरकडे परतणारं पाणी ५५ अंशांखाली गेलं की थंड पत्र्यावर धुराची वाफ जमते, गंधकासोबत आम्ल होतं आणि पत्रा सडतो. परतीच्या पाण्यात गरम पाणी मिसळणारा चार-मार्गी मिक्सिंग व्हॉल्व्ह नसेल तर बॉयलर लवकर भंगारात. आणि तुमचे २.१ मेगावॅट पडदा उघडा ठेवून काढलेत! रात्री काचेखाली उष्णता अडवणारा थर्मल पडदा ओढला की तिसरा हिस्सा तिथेच वाचतो.

गॅसवर_ठेवा: दोघंही एक गोष्ट विसरताय. नेदरलँड्समध्ये गॅस दिवसा जाळतात, कारण धुरातला कार्बन डायऑक्साइड झाडांना द्यायचा असतो. उष्णता पाण्याच्या टाकीत साठवून रात्री वापरतात. १५० घनमीटरच्या टाकीत ९० ते ५० अंशांत सुमारे ७ मेगावॅट-तास मावतात. कोळशाचा धूर आत सोडता येत नाही, सल्फर डायऑक्साइडने पानं करपतात. शिवाय तेवढ्याच उपयोगी उष्णतेमागे गॅसचा कार्बन कोळशाच्या जवळपास निम्मा.

बॉयलरवाला: टाकी मान्य, पडदाही मान्य. पण २०२२ मध्ये गॅसचे भाव कुठे गेले होते? त्याच वर्षी १० ऑगस्टपासून रशियन कोळशावर युरोपभर बंदी आली, तेव्हा कोळसाही महागला. त्याचा साठा निदान आवारात ढीग घालून करता येतो. गॅसचा कसा करणार?

हिरवी_मिरची: ढिगाला ताडपत्री घाला, नाहीतर पुन्हा कमान! आणि १ ते ५ मेगावॅटच्या जुन्या बॉयलरांना २०३० पासून धुळीची मर्यादा धुराच्या घनमीटरला ५० मिलिग्रॅम आहे. धूळ गाळणाऱ्या बॅग फिल्टरचा खर्च हिशोबात धरलाय का?

बॉयलरवाला: नाही धरला. तो धरला तर लाकडी चिप्सचं गणित एकदा मांडून बघायला हवं, काडाचं नव्हे.