काबार, हाबेर आणि आपली खबर

कुणीतरी विचारलंय की इंडोनेशियन 'काबार' (म्हणजे बातमी) तुर्की 'हाबेर'वरून आला का, तर नाही, दोन्हीकडे मूळ अरबी 'खबर'च, फक्त 'ख'चा तुर्कांनी 'ह' केला आणि इंडोनेशियनमध्ये 'क' झाला. मला भारी वाटतं ते हे की दोघंही भेटल्यावर बातमीच विचारतात, जकार्तात 'आपा काबार?' आणि इस्तंबूलला 'ने हाबेर?', जे बोलताना घाईत नुसतं 'नाबेर' होतं. इंडोनेशियनमध्ये 'कळवणे'ला 'मङाबार्कान', म्हणजे उपसर्ग लागला की 'क' चक्क गायब! वर्तमानपत्र म्हणजे 'सुरात काबार', सुरात म्हणजे पत्र. आणि तुर्की 'हाबेरदार' म्हणजे ज्याला माहिती आहे तो, आपल्याकडे मात्र तोच शब्द 'खबरदार, पुढे आलास तर!' असा दम द्यायला.