डायबेटिसच्या रिसर्चमध्ये ‘साउथ एशियन’ असा एकच गट धरायचा का?

एमपीएच_दुसरंवर्ष:
नमस्कार मंडळी, माझं एमपीएचचं (पब्लिक हेल्थ) डिसर्टेशन डायबेटिस आणि एथ्निसिटीवर (माणूस कुठल्या वंशाचा-समाजाचा यावर) आहे म्हणून एडिनबराचे निवृत्त प्रोफेसर राज भोपाल यांचे पेपर वाचतेय. माझ्या डेटात भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी असे वेगळे कोड आहेत पण गाइड म्हणतात सँपल छोटं आहे, तिन्ही एकत्र कर, नाहीतर हाताला काही लागणार नाही. त्यांचंही चूक नाही, पण मन मानत नाहीये. आणि एथ्निसिटी हे आजाराचं कारण म्हणून लिहायचं की नुसतं लेबल?

आकडेमोड:
एकत्र करायच्या आधी भोपाल आणि सहकाऱ्यांचा इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचा 1999 चा बीएमजे या मेडिकल जर्नलमधला पेपर वाच. त्यात सिगरेटचा आकडा बघ फक्त, बांगलादेशी पुरुषांत 57 टक्के आणि भारतीय पुरुषांत 14. आता हे दोन्ही एका सरासरीत घाल, जो आकडा येईल तो ना यांचा ना त्यांचा, आणि ज्यांना धोका जास्त तेच दिसेनासे होतात. बांगलादेशी गटात ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) जास्त, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) कमी, पण ब्लड प्रेशर मात्र सगळ्यात कमी. म्हणजे ‘साउथ एशियन लोकांना रिस्क जास्त’ एवढं लिहून भागत नाही, कुठली रिस्क ते सांगावं लागतं.

रात्रपाळी:
वरच्यांशी सहमत, पण एकत्र बघून काहीच कळत नाही असंही नाही हं. पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा 2004 चा लॅन्सेट या मेडिकल जर्नलमधला फोटो शोध. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) 22.3, शेजारीशेजारी उभे, बघून काही फरक वाटत नाही, आणि अंगातली चरबी मोजली तर एकाची 9.1 टक्के, दुसऱ्याची 21.2! जास्तवाले याज्ञिक. म्हणूनच आपल्याकडच्या लोकांसाठी बीएमआय 23 पासूनच सावध व्हा म्हणतात. तरी हे सगळं जीन्सच्या माथी मारू नकोस प्लीज, आईचं पोषण, जन्माच्या वेळचं वजन, उत्पन्न, कामाच्या वेळा, सगळं ‘एथ्निसिटी’ या एका शब्दाखाली झाकलं जातं. भोपाल यांनी 1997 लाच विचारलं होतं की असा रिसर्च वंशवादी आहे, कच्चा आहे की महत्त्वाचं सायन्स आहे, तो लेख वाचच.

एमपीएच_दुसरंवर्ष:
थँक्यू दोघांना! पण मग याचा लोकांना उपयोग काय झाला, असं व्हायवात (तोंडी परीक्षेत) विचारलं तर?

आहार_सल्ला:
पोडोसा ट्रायल सांग, वजन कमी करून डायबेटिस टाळता येतो का हे बघणारी. स्कॉटलंडमध्ये भारतीय-पाकिस्तानी वंशाची 171 माणसं, शुगर वाढलेली पण डायबेटिस झालेला नाही अशी. डाएटिशियन घरी जायच्या, एका गटाकडे 3 वर्षांत 15 वेळा, दुसऱ्याकडे 4 वेळा, आणि स्वयंपाक करणाऱ्यालाही सोबत घ्यायच्या. वजनात फरक पडला 1.64 किलोचा. डायबेटिस टळला असं त्या आकड्यांवरून ठामपणे म्हणता आलं नाही, तेही सांग, लपवू नकोस. मी स्वतः याच कामात आहे, कागदावर डाएट लिहून देणं आणि चुलीपाशी बसून बोलणं यात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

एमपीएच_दुसरंवर्ष:
ओके, ठरलं. तिन्ही गटांचे टेबल वेगळे देते, कॉन्फिडन्स इंटर्व्हल (खरा आकडा ज्या दोन टोकांमध्ये असू शकतो ते अंतर) कितीही रुंद आले तरी, आणि एकत्र आकडा त्याखाली. उद्या गाइडना न्यूकॅसलचा पेपरच नेऊन दाखवते.