घरी शिवलेल्या ताडपत्रीचे काठ कसे पक्के करावेत?

प्रश्न (रानमुक्काम)
सिलिकॉनचा लेप असलेल्या पातळ नायलॉनच्या कापडापासून मी मुक्कामासाठी सुमारे ३ मीटर × ३ मीटरची ताडपत्री शिवत आहे. मधली जोडशिवण नीट बसली, परंतु काठ दुमडताना कापड इतके निसटते की २ सेंटिमीटरच्या दुहेरी दुमडीवर टीप मारत शेवटपर्यंत पोहोचेतो वरचा पदर खालच्या पदराच्या बोटभर पुढे सरकलेला असतो आणि संपूर्ण काठावर चुण्या पडतात. टाचण्या लावून पाहिल्या, तर त्या गळून पडल्या आणि भोके मात्र राहिली. एक बाजू अशी बिघडली आहे. उरलेल्या तीन बाजू अद्याप कोऱ्या आहेत. दुमड सोडून देऊन सरळ पट्टीचा गोट लावावा का?

उत्तर (सुईदोरा)
गोट लावण्याची घाई करू नये. आपली अडचण दुमडीची नसून दोन्ही घड्या एकदम घालण्याची आहे. या कापडावर नखाने घडी बसत नाही आणि त्यावर गरम इस्त्री फिरवण्याचा सल्ला मी देणार नाही. म्हणून प्रथम १ सेंटिमीटरची एकच घडी घालून तिच्यावर टीप मारावी, आणि मग ती शिवलेली कड आतल्या बाजूस पुन्हा एकदा वळवून दुसरी टीप घालावी. पहिल्या टिपेमुळे काठाला थोडा ताठरपणा येतो, त्यामुळे दुसरी घडी जवळजवळ आपोआप वळते. टाचण्यांऐवजी कपडे वाळत घालण्याचे लहान चिमटे वापरावेत.

शिवताना एक हात सुईच्या पुढे आणि दुसरा मागे ठेवून कापड ताणलेले धरावे. मात्र ते ओढू नये, पुढे सरकवण्याचे काम मशीनच्या दात्यांवरच सोपवावे, अन्यथा सुई वाकते. सुई ७० किंवा ८० क्रमांकाची आणि नवी असावी. दोरा पॉलिएस्टरचा घ्यावा, कारण सुती दोरा ओल धरतो आणि कालांतराने कुजतो. टाका सुमारे ३ मिलिमीटर लांबीचा ठेवावा. बारीक टाका मजबूत असतो हा समज येथे उलटतो: भोके जवळजवळ आल्याने काठ टपालतिकिटासारखा त्या रेषेवर फाटू शकतो.

उत्तर (पाठपिशवी)
वरील मताशी मी सहमत आहे. जाड सुती कॅनव्हासला गोट शोभतो, पण या कापडावर त्याने केवळ वजन वाढते आणि पट्टी पाणी धरून ठेवते.

तीन बाजू कोऱ्या आहेत हे चांगलेच झाले, कारण काठ सरळ न ठेवता आतल्या बाजूस किंचित वक्र कापावेत असे मी सुचवेन. सरळ काठाची फक्त दोन टोके ताणली जातात आणि मधला भाग वाऱ्यात फडफडत राहतो. वक्र काठात तोच ताण संपूर्ण लांबीवर पसरतो. नायलॉन ओले झाल्यावर सैल पडते, तेव्हा हा फरक विशेष जाणवतो. ३ मीटरच्या काठाला मध्यभागी १२ सेंटिमीटर खोली पुरेशी आहे. आकार आखण्यासाठी भिंतीवर ३ मीटर अंतराने दोन खिळे ठोकून त्यांना एक बारीक साखळी लावावी, मध्यभागी १२ सेंटिमीटर झोल पडेल इतकी ती सैल सोडावी आणि मागे पुठ्ठा धरून रेषा काढावी. दोन्ही बाजू सारख्याच असल्याने अर्धा पुठ्ठा उलटवूनही काम भागते. मात्र वक्र काठ अंशतः उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरका, होतो व शिवताना सहज ताणला जातो, म्हणून तेथे दुमड १ सेंटिमीटरहून रुंद ठेवू नये.

प्रश्न (रानमुक्काम)
आभारी आहे. आणखी दोन शंका आहेत. कापल्यावर दशा निघू नयेत म्हणून कड तापवून वितळवावी का? आणि काठाच्या टिपेवर जलरोधक लेप द्यावा लागेल का?

उत्तर (ओलीचिंब)
सोल्डरिंगच्या तापल्या सळईने काचेवर कापड कापल्यास कड जागच्या जागी बंद होते आणि शिवताना दशांचा त्रास होत नाही. हे काम मोकळ्या हवेत करावे, कारण निघणारा धूर घातक असतो. तरीही वितळलेली कड दुमडीला पर्याय नाही. ती कडक व ठिसूळ असते, ताण घेत नाही. दुहेरी दुमड घालणारच असाल, तर धारदार कात्रीही पुरते.

लेप फक्त मधल्या जोडशिवणीला द्यावा, कारण पाणी तेथून आपल्या डोक्यावर येते. काठावरून ते तसेही खालीच गळते. सिलिकॉनच्या कापडावर सिलिकॉनचाच लेप चिकटतो, पॉलियुरेथेनचा सोलून निघतो.

खरी काळजी कोपऱ्यांची घ्यावी. प्रत्येक कोपऱ्याच्या आतून त्याच कापडाचे दुहेरी ठिगळ लावावे आणि दोरीसाठीची पट्टी दुमड व ठिगळ या दोन्हींतून जाईल अशा रीतीने चौकोनात फुली मारून शिवावी. नुसत्या पातळ कापडात धातूच्या रिंगा ठोकल्यास त्या पहिल्याच जोरदार वाऱ्यात उखडण्याची भीती असते.

उत्तर (सुईदोरा)
बिघडलेली बाजू उसवत बसू नये, भोके बुजत नाहीत. वक्र तसाही कापायचा आहे, तर तेथेच ती काढून टाकावी. मात्र कोपऱ्यांपाशी वक्राची खोली शून्य असल्यामुळे जुनी शिवण तेथे उरेल. म्हणून काठ उलगडून त्या बाजूची संपूर्ण रेषा मूळ कडेपासून ४ ते ५ सेंटिमीटर आत सरकवून आखावी. ताडपत्री तेवढी आखूड होईल, ते चालवून घ्यावे.