बंद पडलेली माळ एलईडीची की फिलामेंटच्या बल्बची, कसं ओळखायचं?

मदत हवी आहे. घरात जुन्या माळांचा गुंता आहे, खोकी-लेबलं कधीच गेली. गणपतीचं मखर कागद आणि सुती साडीचं आहे, त्यामुळे तापणारी तांदूळ-बल्बची (म्हणजे बारीक फिलामेंट-बल्बची) माळ त्याला अजिबात लावायची नाही.

ज्या पेटतात त्या ओळखता आल्या. थोडा वेळ चालू ठेवून, प्लग काढून बल्बला बोट लावलं की फिलामेंटचा गरम लागतो. शिवाय तो विझताना क्षणभर तांबूस होतो. एलईडीत असा तांबूसपणा दिसत नाही.

अडलंय बंद माळांवर. बल्बवर दुधी प्लास्टिकची फुलं घट्ट चिकटवलेली, ओढली तर वायर तुटेल. प्लग काढून, कंट्रोलरच्या डबीपुढच्या वायरींवर मल्टिमीटर (वीज मोजायचं यंत्र) डायोड मोडवर लावला; त्यात एलईडी एकाच दिशेने रीडिंग देतो, फिलामेंट दोन्ही दिशांनी. प्रोब उलटसुलट करूनही रीडिंग नाही. पण सीरिजमधलं (एकामागून एक जोडलेल्या बल्बांतलं) एक फिलामेंट तुटलं तरी हेच दिसणार, आणि ओळीने बरेच एलईडी असले तर मीटरचा व्होल्टेज पुरणार नाही.

एकाच बल्बच्या दोन्ही वायरींत टाचणी टोचून मोजता येईल, पण इन्सुलेशनला भोक पडलेली माळ मखराला नको. वायर किंवा फूल न दुखावता ओळखायची पद्धत कुणाला माहीत आहे का?