नेझीच्या 'आफत'पासून मराठी रॅपपर्यंत : दीड तासाचा श्रवणकार्यक्रम कसा बसवावा?

वाचनखोली_कुर्ला

कुर्ला पश्चिमेला एका वाचनालयात रॅपर नेझीच्या (नावेद शेख) वाटचालीवर आणि मुंबईच्या हिपहॉपवर श्रवणकार्यक्रम ठेवतो आहोत. वेळ दीड तास. माणसं पन्नास-साठ, त्यांतली निम्मी साठीच्या पुढची. रॅप म्हणजे नुसती बडबड, असं त्यांतल्या पुष्कळांचं मत आहे. खोली साधारण ३० बाय २० फूट, फरशी उघडी, छत सिमेंटचं. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. गाणी कोणत्या क्रमाने लावावीत? मराठीचा धागा ओढूनताणून न आणता कुठे जोडावा? शेवटी चार स्थानिक मुलं रॅप करणार आहेत, त्यांचा आवाज कसा लावावा?

ठेका_चार

क्रम सालवार ठेवा, पण गाणी सहा-सातच घ्या. सात गाणी म्हणजे साधारण २५-२८ मिनिटं. उरलेला वेळ बोलायला आणि तेच कडवं पुन्हा ऐकायला लागतो. रॅप पहिल्यांदा ऐकणाऱ्याला एका ऐकण्यात शब्द सापडत नाहीत. म्हणून प्रत्येक गाण्याचं एक कडवं आधी पडद्यावर मोठ्या अक्षरात दाखवा, कोणाला तरी ते सावकाश वाचू द्या आणि मगच गाणं लावा. एवढ्याने बडबडीची तक्रार निम्मी होईल. शिव्या कुठे आहेत तेही आधी बघून ठेवा, ऐन वेळी आवाज बंद केला की ठेका तुटतो.

सुरुवात मुंबईचाच रॅपर डिव्हाइन याच्या 'ये मेरा बॉम्बे'ने (२०१३) करा. लगेच नेझीचं 'आफत' (२०१४). हे गाणं ऐकवताना ते कसं झालं हे सांगायलाच हवं. बीट (रॅपच्या मागे वाजणारं संगीत) इंटरनेटवरून उतरवलेला, आवाज आयपॅडवर घेतलेला आणि व्हिडिओही त्याच आयपॅडवर काढलेला. तयार बीट म्हणजे सगळी वाद्यं एकाच फाइलमध्ये मिसळलेली असतात. मग आवाजाला जागा करून देण्यासाठी ढोल किंवा बास वेगळा कमी करता येत नाही, शब्दांनाच ठेक्याच्या फटींतून वाट काढावी लागते. नेझीचं कसब तिथे दिसतं. उर्दू शब्द आणि गल्लीतली बोली एका दमात येते, तरी एकही अक्षर गिळलं जात नाही.

तिसरं 'मेरे गल्ली में' (२०१५), डिव्हाइन आणि नेझी दोघांचं, बीट 'सेझ ऑन द बीट' या संगीतकाराचा. 'आफत'नंतर लगेच लावलं तर बीट मुद्दाम गायकासाठी बनवल्याने काय बदलतं ते कोणालाही कळतं. दोघांतला फरकही इथेच ऐकवा. डिव्हाइन शब्द ठेक्यावर ठोकून बसवतो, नेझी ठेक्याच्या थोडा पुढे धावतो आणि ओळीच्या शेवटी परत सापडतो. माझ्या मते संपूर्ण कार्यक्रमाचा गाभा ही दोन गाणी आहेत, त्यांना वीस मिनिटं द्या.

'गली बॉय' या चित्रपटावर (२०१९) पाच मिनिटं पुरेत.

सायडिंग_नं२

'गली बॉय' नेझीचं चरित्र आहे असं कार्यक्रमात सांगू नका. चित्रपटाला नेझी आणि डिव्हाइन यांच्या आयुष्यांवरून प्रेरणा मिळाली, पण त्याचा नायक मुराद हे काल्पनिक पात्र आहे आणि धारावीत राहतं. नेझी कुर्ल्याचा, डिव्हाइन अंधेरीचा. कुर्ल्याच्याच कार्यक्रमात ही सरमिसळ झाली तर फार वाईट दिसेल. 'बॉम्बे ७०' हा नेझीवरचा लघु माहितीपट आहे. त्यातला ७० म्हणजे ४०००७० या पिनकोडातले शेवटचे दोन आकडे. ज्येष्ठ मंडळींना हे सांगा, आपल्या पत्त्याचा आकडा ऐकून ती सरसावून बसतील.

यमकजुळारी

मराठीचा धागा ओढून आणावा लागत नाही. 'स्वदेसी' या मुंबईच्या गटात एमसी मवाली मराठीत लिहितो आणि एमसी तोडफोड गुजरातीत लिहायचा. तोडफोड २०२२ च्या मार्चमध्ये, वयाच्या अवघ्या २४ व्या वर्षी गेला. त्याची आठवण कार्यक्रमात जरूर काढा. या गटाचं 'द वारली रिव्होल्ट' (२०१९) आरेच्या जंगलाबद्दल आहे आणि त्यात आरेतले आदिवासी कलावंत प्रकाश भोईर गायले आहेत. 'गली बॉय'मधलं 'इंडिया ९१' हेही घ्या. विवेक राजगोपालन यांनी बांधलेल्या त्या गाण्यात मवाली, तोडफोड आणि अमरावतीचा सौरभ (१००आरबीएच) असे अनेक भाषांतले आवाज आहेत.

आता ज्येष्ठांसाठी. 'पोवाडा म्हणजे जुना रॅप' हे वाक्य टाळा, त्याने दोन्ही कळत नाहीत. त्यापेक्षा मोठ्या अभंगाची मोजणी दाखवा. चार चरण, अक्षरं ६-६-६-४, यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाच्या शेवटी. रॅपच्या दोन बारमध्ये (बार म्हणजे चार मात्रांचं एक आवर्तन) ते असं बसतं :

पहिला बार : कुर्ल्याच्या पुलाला / घामाचा हा वास
दुसरा बार : रोजचा प्रवास / मुकाट्याने

'वास' पहिल्या बारच्या शेवटी पडतो आणि 'प्रवास' दुसऱ्याच्या मध्यावर. रॅपर ज्याला अंतर्यमक म्हणून मिरवतात ते इथे आपोआप मिळतं. शेवटच्या चरणात दोन अक्षरं कमी, तिथे श्वास घ्यायला जागा. हे दोनदा टाळीवर म्हणून दाखवा आणि मगच मराठी गाणं लावा.

त्या चार मुलांसाठीही थोडं. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, म्हणून नवशिक्याची प्रत्येक ओळ आलो-गेलो-झालो किंवा आहे-पाहे अशी संपते. आठ ओळींत कान विटतो. क्रियापद उचलून ओळीच्या सुरुवातीला ठेवा, शेवटी नाम येऊ द्या. दुसरी चूक कागदावर जुळवलेल्या यमकाची. 'माझा' आणि 'राजा' लिहायला जवळ, पण 'झा' दंततालव्य आणि 'जा' तालव्य. माइकवर फरक उघडा पडतो. 'ळ' आणि जोडाक्षरं वेगात जीभ अडवतात, म्हणून ती मात्रेवर ठेवा, दोन मात्रांमध्ये नकोत. ९० बीपीएमला (मिनिटाला ९० मात्रा) एका बारमध्ये १० ते १४ अक्षरं सुखाने बसतात. १६ च्या वर गेलात तर सराव असल्याशिवाय शेवटची अक्षरं खाल्ली जातात.

साउंडवाला_दादर

तुमची खोली घुमणार. उघडी फरशी आणि सिमेंटचं छत असेल तर रॅपचे शब्द एकमेकांवर चढतात, कारण आधीच्या अक्षराचा प्रतिध्वनी विरायच्या आत पुढचं अक्षर येतं. खाली सतरंज्या अंथरा, स्पीकरसमोरच्या भिंतीवर जाड पडदे किंवा गोधड्या टांगा. यावर खर्च काहीच नाही, आणि कोणत्याही महागड्या मिक्सरपेक्षा फरक जास्त पडतो.

दोन १२ इंची टॉप (मुख्य स्पीकर) आणि एक सब (खालच्या, जाड आवाजाचा स्पीकर) पुरे. टॉप डोक्याच्या वर, स्टँडवर. माइकच्या प्रत्येक चॅनेलवर लो-कट (खालचे घुमणारे आवाज कापणारं बटण) लावा, १०० हर्ट्झच्या आसपास. आवाज डब्यातून आल्यासारखा वाटला तर ३०० हर्ट्झजवळ ३ डेसिबल काढा.

मुलं माइकची जाळी मुठीत धरतात. तसं धरलं की माइकचा मागचा भाग झाकला जातो, मागून येणारा आवाज टाळण्याची त्याची क्षमता जाते आणि लगेच शिट्टी सुरू होते. दांडा धरायचा, तोंडापासून दोन बोटं लांब. कार्यक्रमाआधी दहा मिनिटं एवढाच सराव घ्या.

बीटची लांबीही मोजा. ९० बीपीएमला एक बार २.६७ सेकंदांचा, प्रत्येक मुलाला १६ बार धरले तर ते ४३ सेकंदांचे. चौघांचे मिळून २ मिनिटं ५१ सेकंद. बदलीच्या वेळी माइक हातात देण्यात आणखी बार जातात, म्हणून बीट निदान ५ मिनिटांचा ठेवा. मध्येच बीट संपला की चौथ्या मुलाची सगळी मेहनत वाया जाते.

गाणी ब्लूटूथवरून नको, वायरने लावा. व्हिडिओ दाखवणार असाल तर ब्लूटूथमुळे ओठ आणि आवाज वेगळे पडतात. 'आफत' आणि नंतरची स्टुडिओतली गाणी यांच्या आवाजाची पातळी सारखी नसेल. आदल्या दिवशी सगळी ऐकून प्रत्येक गाण्याची मिक्सरवरची खूण कागदावर लिहून ठेवा. परवानगीचंही बघा. ध्वनिमुद्रणासाठी पीपीएल आणि शब्द-संगीतासाठी आयपीआरएस यांच्याकडे चौकशी करा. स्वतंत्र कलाकारांची गाणी तिथे नसतील तर त्यांना थेट लिहा.

वाचनखोली_कुर्ला

सगळ्यांचे मनापासून आभार. सात गाणी, 'आफत' आणि 'मेरे गल्ली में'ला वीस मिनिटं, त्यानंतर अभंगाची मोजणी आणि मग 'द वारली रिव्होल्ट', असं ठरवतो. एकच शंका : मुलांपैकी दोघं हिंदीत लिहितात, दोघं मराठीत. आधी कोणी यावं?

यमकजुळारी

आलटून पालटून. पहिला हिंदी, दुसरा मराठी, तिसरा हिंदी, चौथा मराठी. दोन्ही मराठी मुलं सलग आली तर लोक भाषांची तुलना करत बसतील. बीट मात्र चौघांना एकच द्या.