कोणता निर्णय मुख्याध्यापकाने जागेवर घ्यावा?

प्रश्न (प्रभारी मुख्याध्यापक)
जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी प्राथमिक शाळेचा कार्यभार यंदा माझ्याकडे आला आहे. परिपाठ संपण्यापूर्वीच सहकारी शिक्षक प्रशिक्षणाला गेल्याचे कळते, पोषण आहाराचा तांदूळ संपत आलेला असतो आणि ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेले पालक दाखला नसलेले मूल घेऊन दारात उभे असतात. दर वेळी केंद्रप्रमुखांना (परिसरातील शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांना) फोन करणे योग्य वाटत नाही, परंतु अधिकाराबाहेर काही होईल अशी धास्तीही वाटते. आपण हे कसे ठरवता?

उत्तर (सेवानिवृत्त मुख्याध्यापक)
आधी त्या मुलाला वर्गात बसवा. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 5 प्रमाणे दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, लांबवताही येत नाही. वयाचा पुरावा नसला तरी कलम 14 तुमच्या बाजूने आहे. वयानुरूप वर्ग द्यावा, त्याच दिवशी हजेरीत नाव घ्यावे आणि जुन्या शाळेला दाखल्यासाठी पत्र पाठवावे. कायद्याने आधीच ठरवलेल्या गोष्टीसाठी वरिष्ठांची परवानगी मागत बसलो, तर तेवढे दिवस ते मूल फडातच राहते.

उत्तर (केंद्रशाळेतील मुख्याध्यापक)
तांदळाचे गणित मात्र रोज करावे. पहिली ते पाचवीसाठी प्रतिदिन प्रत्येकी 100 ग्रॅम धरले, तर 40 मुलांना 4 किलो लागतात. 20 किलो उरले म्हणजे पाच दिवस, आणि मागणी तेव्हाच गेली पाहिजे. पैशाचा किंवा साहित्याचा प्रश्न असेल, तर शाळा व्यवस्थापन समितीला विश्वासात घ्यावे. तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि आपण सदस्य सचिव असतो, त्यामुळे निकडीच्या वेळी अध्यक्षांशी बोलून पुढील सभेच्या इतिवृत्तात कारणासह नोंद घेणे अवघड नाही.

उत्तर (शिक्षिका, बहुवर्ग शाळा)
माझ्या मते त्या दिवसाचा सर्वांत मोठा निर्णय राहूनच गेला: एकट्या शिक्षकाने चार वर्गांचे काय करायचे? पहिली-दुसरीला आधी जवळ घ्यावे, कारण तिसरी-चौथीची मुले दिलेले लेखनकाम काही वेळ स्वतः करू शकतात, लहानांना ते जमत नाही. तातडीची म्हणून मागितलेली ऑनलाइन माहिती शाळा सुटल्यावर भरावी आणि तसे केंद्रप्रमुखांना सकाळीच कळवावे; फोन करायचाच असेल, तर तो यासाठी करावा.